दिवा राहिला, गोदाम हललं

श्रीमती इंदुमती माने यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते कराडला, आमच्या अब्बांच्या वेल्डिंगच्या दुकानात. सत्तरच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. दुकान हमरस्त्याला लागून होतं. उसाच्या गाडीचा मोडलेला आस, ट्रॉलीचा निसटलेला हूक, गुऱ्हाळाच्या काहिलीला पडलेली भेग, असलं सगळं आमच्याकडं यायचं. बायका दुकानात यायच्या नाहीत. एखादी आलीच तर रस्त्यापलीकडं उभी राहून नवऱ्याला हाक मारायची. या बाई मात्र डोक्यावरचा पदर सावरत थेट आत आल्या, पालथ्या घातलेल्या डब्यावर बसल्या आणि अब्बांचं काम संपायची वाट पाहू लागल्या. मागं त्यांचे चुलत दीर पिशवी धरून अवघडून उभे होते.

अब्बांनी डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला तेव्हा बाईंनी विचारलं, "मिस्त्री, ह्यो ग्यास डोळ्याला दिसत न्हाई. मग त्यो बाहीर आलाय ह्ये वळकायचं कसं?"

अब्बांना उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकानं असा प्रश्न विचारला नव्हता. गिऱ्हाईक विचारतं, कधी होईल आणि काय घेशील. अब्बांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि मास्तरासारखं समजावून सांगितलं. पहिलं नाक. नाकाला शंका आली की साबणाचा फेस. काडी ओढून बघायचा शहाणपणा कधीही करायचा नाही. मग त्यांनी नळीच्या सांध्याला फेस लावला आणि एक बुडबुडा सावकाश मोठा होत गेला. बाईंनी तो फुटेपर्यंत पाहिला. मग म्हणाल्या, आता मी लावते, तुम्ही बघा.

ही आमची पहिली ओळख. पुढं सगळा परिसर त्यांना इंदूआक्का म्हणू लागला, म्हणून मीही या लेखात आक्काच म्हणणार आहे. पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळानं 'इंदुमतीताई' असं लिहावं म्हणून सुचवलं होतं. पण त्या नावानं लिहायला बसलं की दुसऱ्याच कुणा बाईंबद्दल लिहितोय असं वाटतं.

आक्कांचे यजमान संपतराव सैन्यात हवालदार होते. लढाईत ते कामी आले. कराड आणि इस्लामपूरच्या मधे, कृष्णाकाठी त्यांचं गाव. घरी थोडं उसाचं रान, वयस्कर सासूबाई आणि पदरात लहान मुलगी. लढाईत गेलेल्या जवानांच्या घरांना सरकार तेव्हा स्वयंपाकाच्या गॅसच्या एजन्सी देत होतं, तशी एक आक्कांच्या वाट्याला आली. आमच्या भागात तेव्हा गॅस म्हणजे पुण्याच्या पाव्हण्यांकडं बघून यायची चीज. घरोघरी चूल, फार तर घासलेटचा स्टो. एजन्सी कुणा व्यापाऱ्याला चालवायला द्यावी आणि घरबसल्या हिस्सा घ्यावा, असं गावातल्या शहाण्यांचं मत पडलं. चुलत दिरांचंही तेच मत होतं, आणि खरं सांगायचं तर ते वाईट बुद्धीनं बोलत नव्हते. आक्कांचं म्हणणं एवढंच, की ज्या वस्तूसाठी आपण सही करायची ती वस्तू आधी आपल्याला कळली पाहिजे. म्हणून त्या आमच्या दुकानात आल्या होत्या.

मी तेव्हा आयटीआय करून रिकामा बसलो होतो. रिकामा म्हणजे अब्बांच्या नजरेत. मी रोज भरपूर फिरत होतो. बाईंना शेगड्या जोडायला माणूस हवाय असं कळताच अब्बांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "ह्या सलीमला न्या," ते म्हणाले, "हाताचं काय सांगत न्हाई, पर नाक बरं हाय." माझ्या सगळ्या कारकिर्दीचा पाया असा नाकावर घातला गेला.

गॅस बाळगायचे आणि विकायचे नियम इंग्रजीत होते. आक्का जुन्या सातवीपर्यंत शिकलेल्या. गावच्या हायस्कुलातले एक गुरुजी त्यांना एकेक नियम वाचून अर्थ सांगत आणि आक्का तो आपल्या बोलीत परत म्हणून दाखवत. गॅस हवेपेक्षा जड असतो, असं गुरुजी म्हणाले की आक्का म्हणत, "म्हंजी पान्यावानी खाली बसतो." मग गोदामाच्या झरोक्यांचा नियम त्यांना वेगळा पाठ करावा लागला नाही. पाणी जिथून वाहून जाईल तिथंच, जमिनीलगत, झरोके हवेत. गुरुजीही खूश व्हायचे, कारण वर्गातली पोरं असं काही परत सांगत नसत. आमच्या हाताखाली पुढं कितीतरी माणसं तयार झाली. त्यांतल्या कुणालाही आक्कांनी 'नियम आहे म्हणून कर' असं सांगितलेलं मी ऐकलं नाही. प्रत्येक नियमामागचं कारण त्या सांगत आणि दुसऱ्या दिवशी तेच कारण समोरच्याकडून वदवून घेत. आम्हाला याचा वैताग यायचा, हेही इथं नोंदवून ठेवतो.

मोठं गोदाम बांधायचं तर स्फोटक खात्याचा परवाना लागे. तो मिळेपर्यंत थोड्या टाक्या विनापरवाना ठेवायची मुभा होती. तेवढ्यावर कराडात एक लहानशी खोली घेऊन आक्कांनी सुरुवात केली. आणि पहिल्याच काही दिवसांत, कुठल्याही नियमाच्या पुस्तकात नसलेली एक गोष्ट आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

कराडच्या एका पेठेत वकिलांच्या घरी नवी शेगडी बसवायची होती. मी टाकी जोडली, फेस लावून पाहिलं, सगळं ठीक होतं. कसं पेटवायचं ते वकिलीणबाईंना सांगितलं आणि मी बाहेरच्या खोलीत चहा घ्यायला आलो. आक्का तिथंच बसल्या होत्या. कुंकवाच्या कार्याच्या वेळी विधवा बाईनं आत जायचं नाही, असा तो काळ होता, आणि आक्का आपण होऊन बाहेर थांबत. आत वकिलीणबाईंनी नव्या शेगडीची पूजा मांडली. आपल्याकडं नवी चूल घातली की बाया काय करतात? आधी लाकडं नीट रचून ठेवायची, मग हळदकुंकू, मग ओवाळायचं आणि शेवटी पेटवायचं. बाईंनी तोच क्रम धरला. लाकडं रचण्याच्या जागी त्यांनी शेगडीची दोन्ही बटणं फिरवून ठेवली, म्हणजे सगळी तयारी झाली. निरांजन वाऱ्यानं विझू नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या. आणि देवघरातून पेटतं निरांजन ठेवलेलं ताट आणायला त्या निघाल्या.

बाहेर माझ्या आधी आक्कांचं नाक जागं झालं. कप खाली ठेवून त्या उठल्या आणि सरळ आत गेल्या. ताट घेऊन येणाऱ्या वकिलीणबाई त्यांना स्वयंपाकघराच्या दारातच भेटल्या. आक्कांनी ते ताट त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि स्वयंपाकघरात न शिरता माजघराच्या दारानं अंगणाच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. जाताजाता मला म्हणाल्या, बटणं बंद कर, खिडक्या उघड. मी ते करत असताना घरातल्या थोरल्या सासूबाईंचा आवाज चढला होता. चांगल्या दिवशी औक्षणाच्या ताटाला हिनं हात लावलाच कसा, असं त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलत होत्या. आक्का ताट धरून ऐकत उभ्या होत्या. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी मान हलवून मला गप्प केलं.

वास पूर्ण गेल्यावर त्या आत आल्या आणि वकिलीणबाईंना शांतपणे म्हणाल्या, "वैनी, चूल मांडायची असती. ग्यास मांडून ठिवायचा नसतो." मग बाईंच्या हातानं त्यांनी आधी काडी ओढायला लावली आणि नंतर बटण फिरवायला. निळी ज्योत उभी राहिली. "आता ह्यालाच हळदकुंकू व्हा. ह्योच दिवा, निराळा कशाला पायजे?" एवढं बोलून त्या पुन्हा बाहेर येऊन बसल्या, आणि निवलेला चहा त्यांनी संपवला.

त्या दिवसापासून नव्या जोडणीला आक्का स्वतः जाऊ लागल्या. मी पूजा बंद करा असं सांगावं असा हट्ट धरला होता. त्यांनी मला वेड्यात काढलं. बायकांना नव्या वस्तूची पूजा करू नका म्हटलं तर त्या आपल्या माघारी करतील, आणि माघारी केलेलं आपल्याला दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी फक्त क्रम बदलला. महिन्याभरात पेठेतल्या बायका एकमेकींना 'आधी काडी, मग बटण, मग कुंकू' असं सांगू लागल्या. हे सांगण्यात सगळ्यांत पुढं वकिलांच्या घरच्या त्याच थोरल्या सासूबाई होत्या. आक्कांची त्यांनी माफी वगैरे काही मागितली नाही. मात्र शेजारणींना समजावताना 'आमची इंदू म्हणते' असं म्हणायच्या.

आक्का गोड बोलून सगळं करून घेतात, असा कुणाचा समज होऊ नये. त्यांची जीभ धारदार आहे. गोदामाच्या फाटकावर एक कोनाडा होता. आत जाणाऱ्या प्रत्येकानं काड्यापेटी आणि विडी त्यात ठेवायची. हमालांपासून पाव्हण्यांपर्यंत कुणाला सूट नसे. एकदा साखर कारखान्यातले एक वजनदार पदाधिकारी आले. खिशातला लायटर काढून ठेवायला सांगितल्यावर ते हसले. आपण काय आत जाऊन पेटवणार आहोत का, असं म्हणाले. आक्काही हसल्या आणि म्हणाल्या की तुम्ही नाही पेटवणार, पण खिसा तुमचा आणि गोदाम माझं. साहेबांनी लायटर कोनाड्यात ठेवला आणि जाताना विसरून गेले. आक्कांनी तो दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून पोचता केला.

सख्ख्या भावालाही त्यांनी असंच दुखावलं. भाचीचं लग्न होतं. मांडवात आचाऱ्याच्या चुली पेटलेल्या, कापडी छत, आणि भावाला चहासाठी तिथंच गॅसची शेगडी हवी होती. बहीण एजन्सीवाली, मग अडचण काय? आक्कांनी टाकी दिली नाही. त्याऐवजी स्वतः चुलीपुढं बसून आल्यागेल्याला चहा केला. भाऊ बरीच वर्षं तुटक वागला. त्याचं दुःख आक्कांना होतं. त्यांनी ते कधी लपवलं नाही आणि टाकी द्यायला हवी होती असंही कधी म्हटलं नाही.

माझ्यावर त्यांचे उपकार किती, हे लिहायला बसलो तर संपादकांना दुसरा ग्रंथ काढावा लागेल. रोज्यांच्या महिन्यात संध्याकाळच्या जोडण्या त्या दुसऱ्या माणसाला देत आणि मला वेळेवर घरी पिटाळत. अम्मी आजारी होती तेव्हा सांगलीच्या दवाखान्यात त्या माझ्याआधी पोचल्या होत्या. पुढं इस्लामपूरला मी स्वतःची एजन्सी घेतली तेव्हा सरकारी तपासणीच्या आधी आक्का न सांगता हजर झाल्या. भिंती, झरोके, वाळूच्या बादल्या, सगळं पाहून झालं. मी शाबासकीच्या अपेक्षेनं उभा होतो. त्यांनी कुंपणाकडं पाहिलं, पदर खोचला आणि वाळलेलं गवत उपटायला बसल्या. मग मलाही बसावं लागलं. अजूनही त्या आल्या की आधी माझ्या कुंपणाकडं बघतात आणि मग माझ्याकडं.

हे सगळं पुष्कळांना ठाऊक आहे. पण आक्का म्हणजे काय, हे मला ज्या गोष्टीनं कळलं ती आता सांगितली पाहिजे. ती आहे मोठ्या गोदामाच्या परवान्याची.

गोदाम गावाबाहेर, आक्कांच्याच मळ्यात बांधलं होतं. वस्तीपासून लांब, गाडी जायला वाट, मागं विहीर. जागा सगळ्यांच्या पसंतीची. दगडी भिंती उभ्या राहिल्या, अब्बांनी लोखंडी सांगाडा जोडून दिला, वर पत्रे चढले. चुलत दीर उन्हातान्हात उभे राहून काम करून घेत होते. परवाना पावसाळ्याआधी हातात पडायला हवा होता. नाहीतर एजन्सी रद्द होऊन दुसऱ्याला जाणार होती. म्हणजे आक्कांच्या मुलीचं शिक्षण, सासूबाईंचं औषधपाणी आणि माझी नोकरी, हे सगळं त्या एका तपासणीवर येऊन ठेपलं होतं.

तपासणीला खात्याचे साहेब सकाळी आले. माणूस सज्जन आणि कामाला चोख. त्यांनी टेप लावून चारी बाजूंची अंतरं मोजली. एका बाजूला थोड्या अंतरावर दगडी ओटा होता. हे काय, असं त्यांनी विचारलं. आक्का म्हणाल्या, आमच्या मालकांची समाधी. साहेबांनी पायांतले बूट काढले आणि क्षणभर हात जोडून उभे राहिले. समाधी म्हणजे वस्ती नाही, घर नाही, तेव्हा तिचा प्रश्न नव्हता. ते सावलीत बसले, पेन काढलं आणि शेरा लिहू लागले. चुलत दिरांनी माझ्याकडं पाहून डोळे मिचकावले.

तेव्हा आक्का बोलल्या. "साहेब, तिथं सांजच्याला दिवा लागतो. रोज."

साहेबांचं पेन थांबलं. गोदामापासून ठरावीक अंतराच्या आत उघडी ज्योत नको, हा तर या कामातला पहिला नियम. संपतरावांच्या अस्थी गावी आल्या, समाधी झाली, तेव्हापासून आक्कांच्या सासूबाई रोज दिवस मावळताना तिथं तेलाचा दिवा लावून येत. पावसात, तापात, कधी खंड नाही. साहेबांनी विचार करून वाट काढली. दिवा घरी लावू, इथं लावणार नाही, एवढं लिहून द्या, मी परवाना देतो. दीर लगेच हो म्हणाले. मलाही ते सरळ वाटलं. आक्कांनी मात्र साहेबांकडं थोडी मुदत मागितली आणि साहेब आले तसे परत गेले.

मग जे व्हायचं ते झालं. दीर भडकले होते. साहेब दिवसा आले, दिवा रात्रीचा, सांगायची गरजच काय होती, असं ते परत परत म्हणत होते. आक्कांनी एकदाच उत्तर दिलं. "साहेब दिवसा आलता म्हनून ग्यास काय दिवसाच पेटनार हाय व्हय?"

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरीच होतो. सासूबाईंना आक्का आत्याबाई म्हणत, म्हणून आम्हीही आत्याबाईच म्हणायचो. मळ्यात काय झालं ते त्यांच्या कानावर आलं होतं. दिवस मावळला तरी त्या उठल्या नाहीत. पायरीवर वळलेली वात बोटांत धरून बसून होत्या. कुणी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "म्या घरात लावते की दिवा. त्येला काय, कुटनंबी दिसंल." आवाज अगदी साधा होता. पण वात त्यांनी खाली ठेवली नाही.

मला वाटलं, सुटलो. हे मी खरं तेच लिहितो आहे. म्हातारीनं आपण होऊन वाट मोकळी करून दिली, आता उद्या साहेबांना कळवायचं, झालं. आक्का आत गेल्या. तेलाची बाटली घेऊन आल्या आणि आत्याबाईंच्या शेजारी बसल्या.

"आत्याबाई, दिव्यापासनं टाक्या लांब ठिवाव्या, असं लिवलंय. टाक्यांसाठी दिवा हलवा, असं कुटं लिवल्यालं न्हाई. उटा, अंधार पडतोय."

दोघी मळ्याच्या वाटेला लागल्या. मी पायरीवरच बसून राहिलो. तेव्हा मला आक्कांचा रागच आला होता. एका पणतीसाठी उभं गोदाम आणि आमची सगळ्यांची भाकरी त्या पणाला लावत होत्या. दुसऱ्या दिवशी मी ते बोलूनही दाखवलं. कराडात लोकांच्या देवघरातलं निरांजन तुम्ही उचलून अंगणात नेलंत, मग घरच्या दिव्याला वेगळा न्याय का? त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तिथं टाकी आदी व्हती, दिवा मागनं आला. हितं दिवा आदी हाय. मागनं यील त्येनं सरकावं."

त्यानंतरच्या दिवसांत आक्कांनी जे केलं त्याला गावानं वेडेपणा म्हटलं. गावाच्या वरच्या अंगाला एका शेतकऱ्याचा खडकाळ माळ होता. कुसळाशिवाय तिथं काही उगवत नसे. जवळपास घर नाही, देऊळ नाही, थडगं नाही. आक्कांनी विहिरीखालचं पाण्याचं रान त्याला देऊन तो माळ बदल्यात घेतला. उसाचं रान देऊन दगड घेतले, असं म्हणून लोक पारावर हसत. तो शेतकरीसुद्धा व्यवहार पुरा होईपर्यंत घाबरून होता, बाईंचा विचार बदलतो की काय म्हणून. रान आत्याबाईंच्या नावावर होतं. त्यांनी अंगठा उठवायला क्षणाचाही वेळ लावला नाही.

मग बांधलेलं गोदाम उतरवलं. पत्रे काढले, दगड बैलगाड्यांत भरून वर नेले. अब्बांनी स्वतः जोडलेला सांगाडा स्वतः कापला आणि माळावर पुन्हा जोडला. आपलंच काम आपणच मोडायची वेळ आली म्हणून ते दिवसभर कुरकुरत होते, पण जेवायलासुद्धा थांबले नाहीत. सगळ्यांत जास्त दगड वाहिले ते चुलत दिरांनी. तोंडानं शेवटपर्यंत नाराजी आणि खांद्यावर दगड, असं त्यांचं चाललं होतं. पावसाळा तोंडावर आला असताना साहेब पुन्हा आले. त्यांनी टेप लावून सगळं मोजलं आणि सवयीनं विचारलं, इथं दिवा वगैरे? आक्का म्हणाल्या, इथं साप यायला तयार नाही, दिवा कोण लावायला येतंय. साहेब मोठ्यानं हसले. परवाना वेळेत मिळाला.

त्या गोदामाच्या जोरावर कराडपासून इस्लामपूरपर्यंत आणि वर पाचगणीच्या शाळांच्या स्वयंपाकघरांपर्यंत आक्कांच्या टाक्या गेल्या. इतक्या वर्षांत तिथं काहीही घडलं नाही. या वाक्याकडं वाचकांनी जरा थांबून पाहावं. पूल बांधणाऱ्याचा पूल दिसतो. दवाखाना काढणाऱ्याचे बरे झालेले रोगी दिसतात. आक्कांचं सगळं कर्तृत्व न घडलेल्या गोष्टींत आहे. ज्या घरांत काही झालं नाही, त्या घरांना आपण वाचलो हे माहीतच नाही, त्यामुळं सत्काराला येण्याचं त्यांना कारणही नाही. म्हणून त्या सगळ्यांच्या वतीनं हा लेख मी लिहितो आहे.

परवाना आला त्या दिवशी माळावर सगळे जमलो होतो. आत्याबाई बैलगाडीतून आल्या होत्या. काच लावलेला परवाना भिंतीवर टांगायच्या आधी त्यांनी तो हातात मागून घेतला. वाचता येत नव्हतं, पण बराच वेळ पाहत राहिल्या. मग मला विचारलं, कुणाचं नाव आहे यावर? मी वाचून दाखवलं, श्रीमती इंदुमती संपतराव माने. आत्याबाईंना वाईट वाटेल, असं दिरांना वाटलं असावं. ते घाईनं म्हणाले, "दादाचं बी नाव हाय की मधी, काकी."

"मदी असू द्या," आत्याबाई म्हणाल्या. "त्येच्या नावाचा दिवा हाय. ह्ये हिचं हाय." आणि परवाना त्यांनी आक्कांच्या हातात दिला. आक्कांना मी त्या दिवशी पहिल्यांदा रडताना पाहिलं.

आत्याबाई जाऊन आता खूप वर्षं झाली. त्या गेल्या त्या संध्याकाळपासून समाधीवरचा दिवा आक्का लावतात. एजन्सी मुलीनं सांभाळायला घेतली आहे, गुडघे कुरकुरतात, मळ्याची वाट पूर्वीपेक्षा लांब वाटते असं त्या म्हणतात, पण कुणाला सोबत येऊ देत नाहीत. पंचाहत्तरीच्या या दिवशी आशीर्वाद द्यायला मी वयानं आणि लायकीनं लहान आहे. मला मागणं तेवढं मागता येतं. आक्कांचे गुडघे नीट राहोत, नजर शाबूत राहो, जीभ आहे तशीच धारदार राहो. त्यांना शंभरी लाभो. आणि मळ्यातला तो दिवा अजून पुष्कळ वर्षं त्यांच्याच हातानं लागो.